यकृताची मावशी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. निकामी मात्र म्हणू नका. त्या शब्दानं माझं डोकं फिरतं. मी शस्त्रक्रियेतलं एक हत्यार आहे. हत्यार म्हटल्यावर दचकू नका. मला धार नाही, टोक नाही, दात तर नाहीतच. पेन्सिलीएवढ्या जाडीची एक लांब पोलादी दांडी, तिच्या टोकाला मऊ सिलिकॉनचं मिटणारं-उघडणारं पान, आणि त्या दोघांच्या मधे माझी मान. ही मान तेवढी लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं, ते या मानेपायीच घडलं.

माझं काम काय, ते आधी सांगते. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे पोटावर वीतभर चीर. आता पोटाला लहान लहान छिद्रं पाडतात. एकातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून बारीक हत्यारं जातात, आणि डॉक्टर समोरच्या पडद्याकडे बघत काम करतात. पण पोटात मोकळी जागा कुठे असते? सगळे अवयव एकमेकांना चिकटून दाटीवाटीनं बसलेले. जठराच्या वरच्या तोंडाशी पोचायचं, तर त्याच्यावर यकृत ऐसपैस पसरलेलं असतं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो, त्याला काही झालेलंही नसतं. ते फक्त वाटेत असतं. मी मिटून छिद्रातून आत जायचं, आत गेल्यावर छत्रीसारखं उघडायचं, यकृताला खालून हलकेच उचलायचं आणि काम संपेपर्यंत तसंच धरून राहायचं. आई कामात असली की मावशी मुलाला कडेवर घेऊन बाजूला उभी राहते ना, तसं. शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरनी म्हणूनच माझं नाव मावशी पाडलं, आणि तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आता गंमत बघा. काम असं, की जराही हलायचं नाही. आणि स्वभाव असा, की एका जागी क्षणभर चैन पडत नाही. ट्रेमध्ये ठेवलं की मला वाटतं, कधी उचलतील? उचललं की वाटतं, कधी खाली ठेवतील? हा स्वभाव मी जिच्याकडून घेतला, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकायची नाही.

माझी रचना करणारी इंजिनिअर मुलगी. तिचे वडील तिला चुळबुळ म्हणत. लहानपणी तिला जेवायला एका जागी बसवणं म्हणजे दिव्य असे, आणि मोठी झाली तरी तिच्यात काडीचा फरक पडला नाही. बोलताना ती फेऱ्या मारी, विचार करताना पाय हलवी, आणि बोटांना काही उद्योग नसला की केसांतली पिन काढून वाजवत बसे. ती टिकटिक पिन तुम्ही पाहिली असेल: जरा वाकलेली पट्टी, दाबली की टक् करून उलटी वळते, पुन्हा दाबली की टक् करून सरळ होते. दिवसभर टक्, टक्, टक्. शेजारच्या टेबलांवरची माणसं तिच्या नावानं बोटं मोडत.

आधी ती घडीच्या छत्र्या आणि घडीच्या खुर्च्या करणाऱ्या कारखान्यात होती. मिटणाऱ्या-उघडणाऱ्या वस्तू तिच्या हातचा मळ. मग ती सगळं सोडून शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात का आली? तर बाबांसाठी.

बाबा म्हणजे उभं आयुष्य बस चालवलेला माणूस. त्यांचं जठर जागा सोडून छातीत सरकलं होतं. आडवं झालं की पोटातलं सगळं घशाशी यायचं, ठसका लागायचा, जीव घाबरा व्हायचा. त्यामुळे कित्येक वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसूनच झोपत होते. मानेखाली उशी, पायांखाली स्टूल. अंथरुणाला पाठ टेकणं म्हणजे काय, हे ते विसरले होते. एकदा शस्त्रक्रियेला घेतलंही होतं. पण त्यांचं यकृत मोठं आणि लुसलुशीत. ते उचलायला तेव्हा पोलादी पंजा वापरत, बोटं फाकवल्यासारखा. पंज्याच्या बोटानं यकृताला जरासं फाडलं, रक्त थांबता थांबेना, आणि मूळ काम तसंच सोडून पोट बंद करावं लागलं. शुद्धीवर आल्यावर बाबांनी हात जोडले. "झाली तेवढी हौस पुरे. आता मला खुर्चीतच राहू द्या."

मोठ्या सर्जननी, म्हणजे सरांनी, चुळबुळला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं, "त्या पंज्यानं मी पुन्हा हात लावणार नाही. दुसरं काही मिळालं तर बघू." तेवढ्या एका वाक्यावर माझा जन्म झाला.

मित्रांनो, माझं बालपण काही सुखाचं नव्हतं. आज पान कापलं, उद्या टाकून दिलं. पान जाड झालं की नळीतून जाईना, पातळ झालं की यकृत निसटे. चुळबुळ मला पिकलेल्या टोमॅटोखाली सरकवी आणि उचलून बघे. टोमॅटो फुटला की चरफडत फरशी पुसायची आणि पुन्हा नवं पान. अखेर एके दिवशी मी एक अगदी गळायला आलेला टोमॅटो तासभर उचलून धरला आणि त्याच्या सालीवर रेघसुद्धा उमटली नाही. तिनं मला हातात घेऊन सबंध खोलीभर नाच केला. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग आम्ही रुग्णालयाच्या सरावाच्या खोलीत गेलो. तिथे एका पेटीत खोटं पोट असतं, आत रबरी यकृत. चुळबुळनं त्या यकृताखाली एक खास कागद पसरला होता. कागद पांढरा, पण जिथे दाब पडेल तिथे लाल होणारा. दाब जितका जास्त, तितका लाल गडद. शस्त्रक्रियेत यकृत उचलून धरायचं काम धाकट्या डॉक्टरीणबाईंचं असे. त्यांनी आधी पंजा धरला, मग मला धरलं. दोन्ही वेळचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

पंज्याच्या कागदावर गुलाबी ठिपके होते. माझा कागद लालभडक.

चुळबुळचा चेहरा पडला. "असं कसं? ही तर मऊ आहे!"

"म्हणूनच," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या. "पंजा धरताना धाकधूक असते हो. लागेल का, फाटेल का, सारखं मनात येतं. हिला धरलं आणि वाटलं, मऊच आहे, काय होणार आहे? आणि मग विसरूनच गेले."

विसरूनच गेले! मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मऊ झाले आणि त्यामुळेच हात जड झाला. असा दाब यकृतावर बराच वेळ राहिला, तर फाडायची गरजच नाही. आतलं रक्त अडतं, कडा काळवंडते, आणि दुखणं मागाहून उगवतं.

त्या दुपारी चुळबुळ मला पिशवीत टाकून तरातरा घरी आली. बाबा खिडकीशी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ती समोरच्या पलंगावर धपकन बसली, मला उशीवर टाकलं, आणि पिन काढून वाजवायला लागली.

"हरले मी, बाबा. मऊ केली म्हणून लोक तिला जास्तच दाबतात. पोलादाला भिऊन तरी हलक्या हातानं धरत होते."

बाबा डोळे न उघडता म्हणाले, "माणसांचं काय वेगळं असतं? तुझी आई मऊ होती. आपण सगळे तिच्यावर रेललो. तू, मी, आजी, आला-गेला. डेपोतला साहेब खडूस, त्याच्याशी मी जपून बोलायचो. आणि घरी आलो की सगळा भार तिच्यावर. ती कधी हूं की चूं करायची नाही. गेली तेव्हासुद्धा कुणाला त्रास न देता गेली. एकदा जरी मला म्हणाली असती ना, की अहो, आता पुरे…"

खिडकीबाहेर बघत त्यांनी दोनदा नाक ओढलं आणि मग एकदम खेकसले, "आणि ती पिन बंद कर आधी! डोकं उठवलंस."

पिन थांबली. चुळबुळ तिच्याकडे बघतच राहिली. एवढीशी वाकडी पट्टी. अमुक दाबापर्यंत हूं की चूं करत नाही, आणि त्याच्या पुढे दाबलं की टक् करते. चुळबुळनं पिन मुठीत घट्ट धरली, उठली, आणि चपला उलट्या-सुलट्या घालून पळाली. मी उशीवरच राहिले होते. अर्ध्या जिन्यातून परत येऊन तिनं मला उचललं.

माझ्या मानेत पोलादाची एक वाकडी पट्टी बसवायचं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं, पण या पट्टीनं सगळ्यांचा अंत पाहिला. जाड कापली तर मुकी राही. पातळ कापली तर माझी नुसती वटवट सुरू होई. लेथवर काम करणारे काका वैतागून म्हणायचे, "ही बाई एक तर बोलत नाही, नाहीतर थांबत नाही." पट्ट्यांचा ढीग झाला. मग एक पट्टी जमली. यकृताला सोसेल तेवढ्या दाबापर्यंत मी ताठ. त्याच्या पुढे गेलं की टक्! आवाज आणि धरणाऱ्याच्या तळव्याला एक झटका. आणि तरीही कुणी दाबत राहिलं, तर माझी मान हळूहळू खाली झुकत जाई, म्हणजे यकृत आपोआप खाली येई. एकदम आपटायचं नाही. मावशी मुलाला फेकत नाही, खाली ठेवते.

चुळबुळनं मला बाबांच्या हातात दिलं. त्यांनी माझं पान आपल्या तळहातावर दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते हसू लगेच मावळलंही.

"ही बोलते खरी. पण ऐकणार कोण?" ते म्हणाले. "हे बघ, मी पुन्हा टेबलावर चढतो. माझी अट एकच. ही बोलली की थांबायचं. हातातलं काम कितीही महत्त्वाचं असो. हे तू त्या डॉक्टरांकडून कबूल करून घे. घेशील?"

"घेते," ती म्हणाली. तेव्हा तिला कुठे माहीत होतं, की सरांच्या गावी थांबणं हा प्रकारच नाही!

सर हाताचे निष्णात, पण अंगात घाई मुरलेली. चालायचे ते जवळपास धावतच, आणि चहा गार करून प्यायला त्यांना कधी जमलं नाही. सरावाच्या पेटीवर त्यांनी मला वापरून बघितलं. पान आवडलं, उघडणं-मिटणं आवडलं. डॉक्टरीणबाई मला धरून होत्या, सर रंगात येऊन टाका घालत होते, तेवढ्यात टक्.

"हे काय आता?"

"यकृत खाली ठेवायचं, सर. थोडा वेळ. रक्त खेळलं की पुन्हा उचलायचं," चुळबुळ म्हणाली.

सरांनी ठेवायला लावलं. पुन्हा उचलायला लावलं. काही वेळानं पुन्हा टक्. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझं सिलिकॉन वितळतंय की काय असं मला वाटलं. ते म्हणाले, "हत्यार झकास आहे. फक्त ही टक् बंद करायला एक बटण द्या. गरज असेल तेव्हा चालू, नसेल तेव्हा बंद. मग बाकीच्या रुग्णालयांनाही मीच सांगतो, घ्या म्हणून."

मित्रांनो, चुळबुळचे ते दिवस मी विसरू शकत नाही. तिला अन्न गोड लागेना. बटण दिलं तर सर खूश, कारखाना खूश, बाबांची शस्त्रक्रियाही होईल. पण बटण असलं की ते दाबलं जाणारच, आणि ऐन घाईत आधी तेच दाबलं जाणार. नाही दिलं तर मी कपाटात आणि बाबा खुर्चीत. एका सकाळी तिनं मन घट्ट करून माझ्या मानेवर बटणासाठी खड्डा पाडलासुद्धा. संध्याकाळपर्यंत ती त्या खड्ड्याकडे बघत येरझाऱ्या घालत होती. दुसऱ्या दिवशी काकांकडून तिनं तो बुजवून घेतला. अजून तिथे हात फिरवलात, तर जरासा उंचवटा लागेल.

"बटण देणार नाही, सर," तिनं जाऊन सांगितलं.

"मग ठेवा नेऊन कपाटात," सर म्हणाले आणि निघालेसुद्धा.

दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. सरांसमोर त्या सहसा तोंड उघडत नसत. त्या दिवशी उघडलं. "सर, तुमचे डोळे पडद्यावर असतात. धरून मी उभी असते. थोड्या वेळानं माझा हात बधिर होतो. मी किती दाबतेय हे मलाच कळत नाही, आणि कळलं तरी मधेच 'थांबा' म्हणायची माझी हिंमत होत नाही. हिची होते. राहू द्या ना हिला."

सर थबकले. त्यांनी एकदा डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुम्ही हे आधी का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच पुटपुटले, "ठीक आहे. बोलू दे तिला."

मग तपासण्या झाल्या, परवानग्या झाल्या. कितीतरी रुग्णांची यकृतं मी कडेवर घेतली. टक् झालं की सगळ्यांनी थांबायचं, अशी त्या खोलीत पद्धतच पडली. सर थांबायचे, पण पाय आपटत. सिस्टर मिश्कीलपणे म्हणायच्या, "सर, मावशी दमल्या." आणि मग एके दिवशी टेबलावर बाबा आले.

आत गेल्या गेल्या मी ओळखलं. असं यकृत मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मोठं, जड, हातातून ओघळेल असं. त्याच्या काठावर जुन्या जखमेचा पांढरा वण होता. मी पान उघडलं आणि त्याच्याखाली सरकले. मित्रांनो, माझी काय घालमेल होत होती म्हणून सांगू! माझ्या पोलादातून जणू मुंग्या धावत होत्या, आणि मला तर अगदी स्तब्ध राहायचं होतं. काम सुरू झालं. टक् झालं, सगळे थांबले. पुन्हा उचललं. जठर हळूहळू छातीतून खाली आलं, आपल्या जागी बसलं. आता ज्या फटीतून ते वर सरकलं होतं, ती शिवायची होती. अगदी शेवटचा टाका. सुई अर्धी आत, अर्धी बाहेर. आणि नेमकी तेव्हाच पट्टी वळली.

टक्.

"एक मिनिट," सर म्हणाले.

माझी मान झुकायला लागली. पडद्यावर यकृताची कडा जांभळट दिसत होती. त्या पांढऱ्या वणापाशी तर जास्तच.

"एकच मिनिट. एवढं होऊन जाऊ दे."

सिस्टरचा हात ट्रेवर तसाच राहिला होता. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्याजवळ एकच शब्द होता आणि तो मी बोलून चुकले होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, ती बोलली." एवढंच, पण स्पष्ट.

सरांनी श्वास सोडला. सुई अलगद मागे घेतली. "ठेवा खाली," ते म्हणाले, आणि हात बांधून उभे राहिले. आम्ही सगळेच उभे राहिलो. जांभळा रंग हळूहळू विरला, कडेला तांबूस तजेला आला. सरांनी पाय आपटला नाही. मग मी पुन्हा उचललं, आणि तो टाका त्यांनी असा घातला, की जणू सगळ्या जगातला वेळ त्यांच्याकडे आहे.

त्या काळात प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर मला धुऊन, वाफवून तपासणीसाठी चुळबुळच्या ताब्यात देत. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पिशवीतून मीही बाबांच्या खोलीत गेले. तिनं सवयीनं खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. बाबा पलंगावर होते. सपाट, पाठ टेकून. छताकडे असे बघत होते, जणू ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"बोलली का ती?" त्यांनी विचारलं.

"बोलली."

"थांबले?"

चुळबुळला हुंदका आवरेना. "थांबले, बाबा. ऐन टाक्यात थांबले."

बाबांनी मान डोलावली. "तुझ्या आईसाठी मी नाही थांबलो कधी," ते म्हणाले, आणि तिचा हात धरून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं ते घोरायला लागले. आडवे, अंथरुणावर, इतक्या वर्षांनी. चुळबुळ स्टुलावर बसून होती. पिन केसांत होती. भेटीची वेळ संपेपर्यंत तिनं बोटसुद्धा हलवलं नाही.

आता माझ्या मानेतली पट्टी थकली आहे. जरा कुणी धरलं, की मी टक् करते. म्हणून मला सरावाच्या खोलीत ठेवलंय, आणि शस्त्रक्रियागृहात माझ्या धाकट्या बहिणी काम करतात. इथे कधी कधी आठवडाभर माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी ट्रेमध्ये पडून चरफडते. मग एखादा नवा डॉक्टर येतो, मला हातात घेतो, मऊ पानावरून बोट फिरवतो आणि बिनधास्त दाबतो. मी लगेच बोलते. तो दचकतो आणि शिकतो.

मित्रांनो, मला तेल द्या, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. ते सिस्टर करतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी मऊ माणूस असेल. तुम्ही त्याच्यावर रेलत असाल, आणि त्याला काही होत नाही असं तुम्हाला वाटत असेल. पण त्याच्या मानेत कुणी पट्टी बसवलेली नसते. तेव्हा त्याच्या आवाजाची वाट बघत बसू नका. हात आधीच सैल करा.